घर पाहावे विकून

'घर पाहावे बांधून, लग्न पाहावे करून' ही म्हण आपल्याला पाठ असते. कानडीत तीच म्हण 'मने कट्टि नोडु, मदुवे माडि नोडु' अशी आहे. आमच्या घरी दोन्ही भाषा नांदतात, त्यामुळे माझ्या मुलांनी ती दोन्ही आज्यांच्या तोंडून ऐकली आणि एका आजीने दुसरीची नक्कल केली, अशी त्यांची बरीच वर्षे समजूत होती. सांगायचे कारण असे, की घर बांधण्याविषयी दोन्ही भाषांनी शहाणपण सांगून ठेवले. घर विकण्याविषयी मात्र दोघीही गप्प आहेत.

पूर्वी घर विकणे म्हणजे वाईट दिवस आल्याची खूण समजत. विकणारा त्याविषयी हळू आवाजात बोलायचा. आता तसे राहिलेले नाही. मुले पुण्याला, बंगळूरला, नाहीतर त्याहून लांब जातात. मागे उरतात पाच-सात खोल्या, एक विहीर आणि गुडघे दुखणारी एक-दोन माणसे. बेळगावच्या जुन्या गल्ल्यांतून सहज फेरफटका मारला तरी अशी घरे दिसतात. आपल्या वाचकांपैकी कितीतरी जणांच्या घरी हा विषय आज ना उद्या निघणार आहे. म्हणून वाटले, आपल्याला जे अनुभवाने कळले ते लिहून ठेवावे.

मागच्या वर्षी आम्ही शहापूरचे माहेरचे घर विकले. आजोबांनी घेतलेले घर. पुढे कौलारू सोपा आणि माजघर, मागे वडिलांनी १९८४ साली बांधलेल्या स्लॅबच्या दोन खोल्या, परसात विहीर आणि तुळशीवृंदावन. वडील जाऊन नऊ वर्षे झाली. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची. दादा पुण्याला, धाकटा भाऊ बंगळूरला आणि मी लग्न होऊन इथेच हिंदवाडीत. आईसाठी माझ्या घराजवळ तळमजल्यावर दोन खोल्या भाड्याने घ्यायच्या आणि घराचे पैसे तिच्या नावावर ठेवायचे, असे सर्वांच्या विचाराने ठरले. म्हणजे घराला येईल त्या किमतीवर आईचे पुढचे भाडे आणि औषधपाणी चालायचे होते.

माझा एक भाचा अमेरिकेत असतो. तो सांगत होता, तिकडे घर घेणारा माणूस पैसे देऊन एक तपासनीस आणतो. तो दोन-तीन तास छपरापासून तळघरापर्यंत सगळे बघतो आणि फोटोंसह अहवाल लिहून देतो. आपल्याकडे असा एक माणूस नसतो. आपल्याकडे चौघे येतात. पहिली, घेणाऱ्या घरातली बाई. दुसरा, त्यांच्या ओळखीचा मेस्त्री. तिसरा, कर्ज काढायचे असेल तर बँकेने पाठवलेला किंमत ठरवणारा इंजिनियर. आणि चौथे वकील, जे घर न बघता नुसते कागद बघतात. चौघांच्या नजरा चार प्रकारच्या, तेव्हा तयारीही चार प्रकारची करावी लागते. पहिल्या बाईंविषयी मुद्दाम शेवटी सांगते.

मेस्त्री फारसे बोलत नाही. तो भिंतीवर बोटांची पेरे आपटत जातो. आवाज भरीव आला तर पुढे सरकतो, पोकळ आला तर थांबतो. तिथला गिलावा सुटलेला असतो. दाराच्या चौकटीपाशी बसून वाळवीच्या मातीच्या नळ्या शोधतो. माळ्यावर चढून वासे आणि रिपा बघतो. स्लॅबच्या खोलीत मान वर करून तांबूस डाग धुंडाळतो. सळईला गंज चढला की ती फुगते आणि खालचे काँक्रीट ढकलून पाडते. असा डाग म्हणजे आतल्या दुखण्याचे बाहेर आलेले पुरळ. भेगांचेही प्रकार असतात. गिलाव्याला पडलेली केसासारखी भेग कुणी मनावर घेत नाही. पण खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी वर गेलेली रुंद भेग दिसली, की मेस्त्री पाया विचारतो. अथणी, रायबागकडच्या वाचकांना हे अधिक माहीत असेल. तिकडची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि वरच्या घराला हलवते. आमच्या बेळगाव-खानापूर पट्ट्यातली माती तांबडी, तिची ही खोड नाही. पण आमच्याकडे पाऊस असा लागतो, की पश्चिमेच्या भिंतीला चार महिने झड सोसावी लागते.

मेस्त्री यायच्या आधी काय करावे? महागडे काही नाही. फुटकी कौले बदलून घ्यावीत. पन्हळीतला आणि गच्चीच्या पाणी जायच्या तोंडाशी साचलेला पालापाचोळा काढावा. वाळवी असेल तर औषध मारून घ्यावे आणि त्याची पावती ठेवावी. टाकी धुवावी, गळके नळ दुरुस्त करावेत. विजेच्या जुन्या फळीवर तारेचे फ्यूज असतील तर इलेक्ट्रिशियनकडून ते काढून एमसीबी आणि ईएलसीबी बसवून घ्यावेत, अर्थिंगही तपासून घ्यावे. आणि सगळ्यात सोपी, पण बहुतेक घरांत राहून जाणारी गोष्ट म्हणजे वाट मोकळी करणे. मीटरपुढची पोती हलवा, माळ्याखाली शिडी लावून ठेवा, सगळ्या कुलपांच्या किल्ल्या चिठ्ठ्या बांधून एका जुडग्यात ठेवा. 'या खोलीची किल्ली सापडत नाही' हे वाक्य ऐकले, की घेणाऱ्याच्या मनात त्या खोलीविषयी नाही नाही ते येते. आमच्या माजघरातल्या कोठीची किल्ली अकरा वर्षांनी बंबाच्या मागे सापडली, आणि कोठीत निघाले काय, तर लोणच्याच्या तीन रिकाम्या बरण्या!

बँकेचा इंजिनियर टेप घेऊन येतो, फोटो काढतो आणि मंजूर नकाशाशी ताडून बघतो. नकाशात दोन खोल्या आणि जागेवर तीन, असे असेल तर तिसरीची किंमत तो धरेलच असे नाही. मग तो चतुःसीमा बघतो. कानडी कागदात तिलाच चक्कुबंदी म्हणतात. पूर्वेला अमक्याचे घर, पश्चिमेला सरकारी रस्ता. आमच्या खरेदीपत्रातल्या चार शेजाऱ्यांपैकी आज एकही हयात नाही आणि दोन घरे तर तीनदा विकली गेली. तेव्हा जुने शेजारी कोण आणि आजचे कोण, याचा एक कागद आधीच करून ठेवला तर सर्वांचा वेळ वाचतो. हेस्कॉमचे मीटर अजून आजोबांच्या नावावर आहे का, घरपट्टी आणि पाणीपट्टी कुठवर भरली आहे, हेही याच वेळी बघून घ्यावे.

आता वकील. इथे आपल्या भागाची खरी गंमत आहे. १९४८ साली संस्थाने विलीन झाली तोवर शहापूर सांगली संस्थानात होते. त्यानंतर ते मुंबई राज्यात गेले, १ नोव्हेंबर १९५६ पासून म्हैसूर राज्यात आले, आणि १९७३ साली त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले. माणूस त्याच कट्ट्यावर बसून राहिला, कागद मात्र फिरत राहिले. आमच्या फायलीत मोडीतला एक जीर्ण कागद होता, बाळबोध मराठीतले खरेदीपत्र होते, इंग्रजीतला सिटी सर्व्हेचा उतारा होता आणि पुढचे सगळे कानडीत. मराठी मी वाचले, कानडी आमच्या ह्यांनी वाचले, मोडीसाठी एका जाणकार गृहस्थांकडे गेलो. दोन भाषांच्या संसाराचा इतका रोकडा उपयोग आधी कधी झाला नव्हता!

वकिलांना काय लागते ते थोडक्यात सांगते. मूळ खरेदीपत्र आणि त्यानंतरच्या वारसांची साखळी. सिटी सर्व्हेचा उतारा. महापालिकेचा खाता, आता ई-खाता लागतो आणि तो हातात पडायला वेळ जातो, म्हणून गिऱ्हाईक शोधायच्या आधीच त्यामागे लागावे. घरावर बोजा आहे की नाही याचा दाखला, ज्याला सगळे 'ईसी' म्हणतात. त्या काळात व्यवहार झाले असतील तर तो नमुना १५ मध्ये येतो, काहीच नसेल तर नमुना १६ मध्ये. बँका सहसा बऱ्याच वर्षांचा मागतात. २००४ नंतरची माहिती ऑनलाईन निघते, त्याआधीची उपनिबंधक कार्यालयात अर्ज देऊन काढावी लागते. वडिलांनी कधी काळी कर्ज काढून फेडले असेल, तर फेडल्याचा कागदही शोधावा. कर्ज फिटलेले असते, पण नोंद तशीच बसलेली असते.

शिवाय वंशावळ आणि सगळ्या वारसांच्या सह्या. 'सगळ्या' यात बहिणीही आल्या, मग त्यांचे लग्न होऊन कितीही वर्षे झालेली असोत. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना मुलांच्या बरोबरीचा हक्क देशभर मिळाला. कर्नाटकाने तर अविवाहित मुलींसाठी १९९४ सालीच तसा कायदा केला होता. तरीही 'ताईची सही काय, ती कधीही देईल' असे गृहीत धरून तिला शेवटच्या दिवशी फोन करणारे भाऊ मी पाहिले आहेत. सही ती देईलच, पण आधी विचारा. तिचेही ते घर आहे.

आता पहिल्या बाईंकडे येते.

आमच्या घराचे एक दुखणे होते. जुना कौलारू भाग आणि नवा स्लॅब जिथे मिळतात, तिथली पश्चिमेची भिंत दर जुलैत ओली व्हायची. लोणा लागून रंगाचे पोपडे सुटायचे आणि खोलीला गोधडी न वाळल्यासारखा वास यायचा. चाळीस वर्षे आम्ही त्या भिंतीला पलंग लावला नाही. उन्हाळ्यात मात्र ती कोरडी ठणठणीत.

दादा एप्रिलमध्ये आला, तेव्हा मी धारवाडला होते. परत येऊन बघते तर भिंत खरवडून, पुट्टी भरून, फिक्कट पिवळ्या रंगाने अशी सजली होती, की मीच क्षणभर ओळखली नाही. मी म्हटले, "दादा, हे जुलैत पुन्हा वर येणार." तो म्हणाला, "जुलैपर्यंत व्यवहार होऊन जाईल. आणि जुन्या घरात थोडी ओल असायचीच, घेणाऱ्याला काय कळत नाही?" मी वाद घातला. तेव्हा तो जे बोलला त्यावर मला लगेच उत्तर सुचले नाही. तो म्हणाला, "ओल दाखवली की लाख-दीड लाख कमी होणार. ते काय माझ्या खिशातून जाणार आहेत? आईच्या दोन वर्षांच्या औषधांचे पैसे आहेत ते." दादा लोभी नाही. वडील गेल्यापासून आईचा सगळा खर्च त्याने पाहिला आहे. आई तिथेच शेवग्याच्या शेंगा सोलत बसली होती. ती काही बोलली नाही.

मे महिन्यात एक कुटुंब घर बघायला आले. मुलगा-सून दोघे नोकरीवाले, बैलहोंगलकडचे, बरोबर मुलाची आई. सून नळ सोडून बघत होती, मुलगा मोबाईलवर फोटो घेत होता. त्या अव्वा मात्र सावकाश एकेका खोलीत जाऊन उभ्या राहत. स्वयंपाकघरात ऊन कुठून येते ते बघितले. न्हाणीघराच्या फरशीवर पाय घासून बघितला. मग मागच्या खोलीत आल्या, त्या पिवळ्या भिंतीवर तळहात ठेवला आणि आईकडे वळून म्हणाल्या, "मळिगालदाग सोरतैतेन्री?"

पावसाळ्यात गळते का हो? प्रश्न आईला होता. दादाला कानडी येते, तो उत्तर द्यायला पुढेही झाला. पण आईच्या तोंडून आधी निघाले, "हौदरी, सोरतैती." भाजीवाली आणि दूधवाल्यापलीकडे आई कधी कानडी बोलत नसे. त्या दिवशी मात्र तिने मोडक्यातोडक्या कानडीत सगळे सांगितले. कुठून पाणी येते, कोणत्या नक्षत्रात वाढते, कुठे घमेले ठेवावे लागते, रंग आत्ताच लावला आहे. अव्वा मान हलवत ऐकत होत्या. दादा खिडकीबाहेर बघत होता.

ते लोक गेल्यावर आई दादाला एवढेच म्हणाली, "अरे, त्या खोलीत त्या स्वतः झोपणार आहेत. मला विचारलं त्यांनी."

आठवड्याने ते मेस्त्रीला घेऊन आले. भिंतीचे आधीच कळलेले असल्याने मेस्त्रीने सरळ वर चढून जोड बघितला. स्लॅबची कड आणि जुनी भिंत यांच्यामध्ये भेग होती, आणि वरच्या पन्हळीचे पाणी नेमके तिथे उतरत होते. भेग भरून त्यावर जलरोधक थर द्यायचा, पन्हळ बदलायची, बाहेरून गिलावा नव्याने करायचा. खर्च त्याने एक लाख चाळीस हजार सांगितला. किमतीतून एक लाख कमी करून व्यवहार ठरला. दादाने सांगितले होते तेवढेच जवळजवळ गेले, हे मी लपवत नाही. खरे बोलल्याने पैसे वाढले, अशी गोष्ट मला सांगता येणार नाही.

पण दोन गोष्टी घडल्या. भिंतीचे आपणहून सांगितल्यावर त्या लोकांनी बाकीच्या घराविषयी आमचे म्हणणे मानले. विहिरीला मे अखेरपर्यंत पाणी असते, हे आईने सांगितले आणि त्यांनी दुसऱ्या कुणाला विचारले नाही. दुसरी गोष्ट आम्हाला वकिलांकडून कळली. मालमत्ता हस्तांतरणाचा १८८२ चा कायदा आहे. त्याच्या ५५ व्या कलमात लिहिले आहे, की विकणाऱ्याला ठाऊक असलेला आणि घेणाऱ्याला साध्या तपासणीत न दिसणारा मोठा दोष विकणाऱ्याने सांगितलाच पाहिजे. लपवणे ही फसवणूक ठरते. म्हणजे रंगाचा डबा आणून आपण दोष झाकत नाही, तर भांडण पुढच्या पावसापर्यंत लांबवतो, आणि तेही आपल्या म्हाताऱ्या आईच्या सहीखाली.

म्हणून माझे सांगणे एवढेच, की घर दाखवायची तयारी जरूर करा. झाडा, पुसा, उजेड येऊ द्या, गळके नळ बदला, जुने कपडे आणि मोडक्या खुर्च्या काढून टाका. रंगही लावा, पण आधी ओल दुरुस्त करा, भिंत नीट वाळू द्या. ते जमत नसेल तर भिंत आहे तशी राहू द्या आणि दाखवा. ओलीचा वास मारायला उदबत्त्या लावू नका. एकाच खोलीत तीन उदबत्त्या दिसल्या, की शहाणी बाई आधी तिथेच जाते. आणि घेणारे असाल तर शक्यतो जुलैत घर बघा. ते जमले नाही, तर म्हाताऱ्या माणसाला विचारा.

खरेदीपत्राच्या आदल्या दिवशी आईने मला वही घेऊन बसवले आणि सांगत गेली. मोठ्या नळाचा कॉक कोणत्या फरशीखाली आहे. कोणत्या कौलावर पाय द्यायचा नाही. विहिरीचा गाळ शेवटचा कधी काढला. परसातला नारळ केव्हा लावला, त्याला मीठ किती घालायचे. चार पाने झाली. मी मराठीत लिहिली, आमच्या ह्यांनी समोरच्या पानावर कानडीत उतरवली, आणि किल्ल्यांच्या जुडग्याबरोबर ती वही अव्वांच्या हातात दिली. दादाने तिला प्लॅस्टिकचे कव्हर घालून आणले होते, पावसात भिजू नये म्हणून.

घर विकायचे असो वा नसो, अशी एक वही प्रत्येक घरी असावी. सांगणारे माणूस समोर बसले आहे, तोवर ती लिहून घ्या.